पुलावरचा बिशप आणि आपले टिळक

द्वारका, नाशिक

चि. भाचीबाईस,


संडे स्कूलमध्ये बिशप ऑल्डहेल्म सांगायचा आलाय, आणि तेराशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडातला माणूस आपल्या पोरांना कशाला, असं तू विचारतेस. सांग की! फक्त जन्मसालापासून सुरू करू नकोस. आधी पूल सांग. उपासना झाली की लोक उपदेशाला न थांबता घरी पळायचे. मग हा लॅटिन कोळून प्यायलेला माम्सबरीचा मठाधिपती पुलावर जाऊन उभा राहिला आणि त्यांच्याच बोलीत गाऊ लागला. गर्दी जमली, तशी गाण्यात हळूच शास्त्रवचनं आली. ही गोष्ट माम्सबरीच्या विल्यमने चारशे वर्षांनी लिहिली, तेव्हा ‘असं सांगतात’ एवढंच म्हण. त्याने लॅटिनमध्ये शंभर कोडी रचली हे मात्र पक्कं, आणि मुलं तेवढ्यावरही खूश होतील. 705 च्या सुमारास तो शेरबर्नचा बिशप झाला, 709 मध्ये वारला. हे एका दमात उरक.

माम्सबरी ज्या विल्टशर परगण्यात, तिथलाच फादर स्टीफन्स. तो 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने दहा हजारांवर ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं. इथून नाशिकच्या टिळकांपर्यंत यायला कितीसा वेळ लागतो?

रेव्हरंड नारायण वामन टिळक बिशप नव्हते. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते पदच नव्हतं. जन्म 1861, कोकणातल्या करजगावचा. शिक्षण आपल्या नाशकात. बायको लक्ष्मीबाई, गोदाकाठच्या जलालपूरच्या. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. परक्या चालींच्या भाषांतरित गीतांना सरावलेल्या मंडळीत त्यांनी अभंग आणि कीर्तन आणलं. आपण पेटी-तबल्यावर म्हणतो त्यातली कितीतरी भजनं त्यांचीच. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात त्यांना, हेही मुलांना सांग.

आता खरा सल्ला. टिळकांना देवदूत करू नकोस. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. लहान मुलाला घेऊन त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, पंढरपूरला दिवस काढले. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, तोही स्वतःच्या विचाराने. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तू शाळेत धड्यापुरतं वाचलं असशील. आता सबंध वाच. त्यातले टिळक तापट आहेत, लहरी आहेत, हातात पैसा ठरत नाही. लक्ष्मीबाई हे सगळं हसत-हसत सांगतात, पण काही सोडत नाहीत. माझ्या मते टिळकांचं याहून चांगलं चरित्र कुणाला लिहिता आलेलं नाही.

वर्गात एखादी चुणचुणीत पोरगी विचारेलच: एवढे चांगले होते, तर बायकोला का रडवलं? तेव्हा ‘देवाची इच्छा’ म्हणून तिला गप्प बसवू नकोस. लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते सांग, आणि प्रश्न तिच्याकडेच राहू दे. मोठ्यांना वाटतं तितकी मुलं कच्ची नसतात. (तुझी आई या वाक्यावर नाक मुरडेल, मुरडू दे.)

1917 मध्ये मिशनचा पगार सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, दोन वर्षांत वारले. वेळ उरला तर हे सांग. नाहीतर राहू दे, त्याऐवजी एक भजन म्हणून घे.

सुटीत मुलांना घेऊन ये, जलालपूरला जाऊ. पण सकाळी लवकर पोच. नंतर आमच्या द्वारका चौकातून बस बाहेर काढणं कठीण.

तुझा,
मामा