थकलेल्या सेवकाची भाकर



अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची सेवा करताना आपल्या तोंडूनही कधी निघते, 'आता पुरे!' संदेष्टा एलिया रतामाच्या झुडपाखाली असाच खचून बसला व त्याने मरण मागितले (१ राजे १९). देवाने त्याला दोष दिला नाही, झोपू दिले. दूताने दोनदा उठवून भाकर दिली. त्या बळावर तो ४० दिवस होरेबपर्यंत चालला. पुढे देवाने त्याला अलीशाची सोबतही दिली.

म्हणून थकवा म्हणजे श्रद्धा उणी पडली असे नव्हे. आपण विश्रांती घेऊ, मदत मागू आणि मिस्साबलिदानात ख्रिस्तशरीर ही वाटेची भाकर घेऊ. या आठवड्यात अशा एका घरी तासभर आजाऱ्याजवळ बसू, म्हणजे तिथल्या सेवकाला झोप मिळेल.