सुतारकामाचा एप्रन : निवड व शिवण

सुतारकामाच्या वर्गांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याचें सर्व लक्ष हत्यारांकडे असतें. रंधा कसा धरावा, पटाशीस धार कशी लावावी, करवत रेषेवर कशी चालवावी, हे प्रश्न तो उत्सुकतेनें विचारतो. अंगावर काय घालावें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. घरांत असेल तो जुना सदरा किंवा बाजारांत मिळेल तो एप्रन, एवढ्यावर तो विषय संपतो. वस्तुतः एप्रन हें वस्त्रहि एक हत्यारच आहे; आणि इतर हत्यारांप्रमाणें तेंहि चुकीचें निवडलें तर इजा करितें. म्हणून तो कशासाठीं वापरावा, कोणत्या कापडाचा असावा व घरीं कसा शिवावा, याचा येथें क्रमानें विचार करूं.

एप्रनचें काम काय?

एप्रनचीं कामें तीन. पहिलें, सरस, रोगण, तेल व भुसा यांपासून कपडे राखणें. दुसरें, सैल सदरा अंगासरसा दाबून धरणें, म्हणजे तो हत्याराच्या वाटेंत येत नाहीं. तिसरें, फळीच्या कडा, कुसें व लहानसहान घर्षण यांपासून पोट व मांड्या वांचविणें.

यापुढें एप्रनची शक्ति संपते. तो चिलखत नव्हे. निसटलेली धारदार पटाशी जाड कापडांतून सहज आरपार जाते. यंत्राच्या करवतीपुढें तर कातड्याचाहि टिकाव लागत नाहीं. पटाशीच्या समोर आपला हात किंवा अंग कधींहि येऊं न देणें, हेंच तिच्यापासून खरें संरक्षण. जाड एप्रन घातला म्हणून जो निष्काळजी होतो, त्यानें तो न घातलेलाच बरा.

एक प्रसंग

मी स्वतः हें काम शिकत असतां आमच्याबरोबर एक हुशार व कष्टाळू मुलगा होता. त्याच्या आईनें त्याला जाड कॅनव्हासचा एप्रन शिवून दिला होता. मुलगा धसमुसळा, शिवण उसवेल, म्हणून त्या माउलीनें नाड्या दुहेरी कापडाच्या करून चार चार वेळां टांके घातले होते. नाड्या लांब होत्या. तो त्या पाठीमागून फिरवून पोटावर गांठ मारी, व टोंकें वीतभर खालीं लोंबत.

एके दिवशीं तो लेथवर, म्हणजे लाकूड कांतण्याच्या यंत्रावर, खाटेचा पाय कांतीत होता. नीट पाहण्यासाठीं तो पुढें वांकला. नाडीचें टोंक फिरत्या लाकडास लागलें, आणि आम्हांस कांहीं कळण्यापूर्वींच तो यंत्रावर ओढला गेला. शेजारच्या मुलानें बटण दाबून यंत्र थांबविलें म्हणून जीव वांचला. पण मनगट मोडलें व छातीस जबर मार बसला. यंत्राभोंवतीं गुंडाळलेली ती नाडी शेवटीं कात्रीनें कापावी लागली. आईनें घातलेला एकहि टांका तुटला नव्हता.

त्या दिवसापासून एक नियम मी मनांत पक्का केला आहे, व माझ्या प्रत्येक विद्यार्थ्यास सांगत असतों : एप्रनचें कापड जितकें मजबूत, तितकें त्याचें बंधन लवकर सुटणारें असावें.

हें केवळ भीतीचें बोलणें नव्हे. साधें गणित करून पाहा. २ इंच व्यासाचें लाकूड मिनिटास १,००० फेरे घेत असेल, तर त्याचा परीघ सुमारें ६¼ इंच व फेरे सेकंदास १६ हून अधिक होतात. म्हणजे एका सेकंदांत १०० इंचांहून अधिक नाडी त्याभोंवतीं गुंडाळली जाते. एक फूट लोंबणारी नाडी गुंडाळण्यास सेकंदाचा सुमारें नववा हिस्सा पुरतो. इतक्या अवधींत मनुष्याचा हात यंत्राच्या बटणापर्यंत पोंचत नाहीं. सावध राहून ही गति जिंकतां येणार नाहीं. नाडी लोंबतीच ठेवूं नये, हाच उपाय.

कापड कोणतें घ्यावें?

कातडें दिसावयास भारदस्त असतें, व लाकूड छातीशीं टेंकवून कोरणाऱ्या कारागिरास तें उपयोगी पडतें. परंतु तें जड, महाग व धुण्यास अवघड. शिवाय कोंकणासारख्या दमट हवेंत पावसाळ्यांत त्यास बुरशी येते. विद्यार्थ्यास त्याची गरज नाहीं.

गोणपाट स्वस्त खरें. पण त्याचे धागे कुसांत अडकतात व त्याचे तंतू झडून रोगणावर चिकटतात.

नायलॉन, टेरिलीन वगैरे कृत्रिम धाग्यांचें कापड हलकें असतें व लवकर वाळतें. तथापि ठिणगी किंवा ज्योत लागल्यास तें वितळून कातडीस चिकटतें, व भाजल्याची जखम अधिक खोल होते.

जाड, घट्ट विणीचें सुती कापड, म्हणजे ड्रिल किंवा मध्यम जाडीचें कॅनव्हास, सर्वांत सोयीचें. पालकांना एक काटकसरीची सूचना करावीशी वाटते. घरांतील मोठ्या माणसाची जुनी जीन्सची विजार सुती असेल, तर तिचे पाय उसवून जोडल्यास उत्तम एप्रन होतो. नवें कापड विकत घेतलेंच पाहिजे असें नाहीं.

शिवण्याची रीत

पुढील मापें सुमारें ५ फूट उंचीच्या विद्यार्थ्यासाठीं आहेत. उंची कमीजास्त असल्यास लांबी त्या मानानें बदलावी. एप्रन गळ्याखालीं दोन बोटांपासून सुरू होऊन गुडघ्याच्या वरच संपावा. त्याहून लांब असल्यास चालतांना पायांत येतो.

१. ३६ इंच पन्ह्याचें सवा वार कापड घ्यावें. रात्रभर पाण्यांत भिजवून, वाळवून, इस्त्री करावी. सुती कापड आटतें. तें आधींच आटलेलें बरें.

२. त्यांतून ३१ इंच लांब व २५ इंच रुंद तुकडा कापावा. लांबीच्या दिशेनें मधोमध घडी घालावी. वरच्या कडेवर घडीपासून ५ इंचांवर एक खूण व मोकळ्या कडेवर वरून ९ इंच खालीं दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा आंत वळणाऱ्या गोलाईनें जोडून कापाव्या. ही बगलेची जागा झाली.

३. वरची, खालची व बाजूंच्या सरळ कडा अर्धा अर्धा इंच दोनदां दुमडून शिवाव्या. गोलाईस तिरक्या कापडाची अरुंद पट्टी लावावी, म्हणजे ती ताणली जात नाहीं.

४. उरलेल्या कापडांतून ३ इंच रुंदीच्या दोन लांब पट्ट्या कापून, कडा आंत घालून, सव्वा इंच रुंदीचे पट्टे शिवावे. पट्ट्यांचीं एकेक टोंकें छातीवरील दोन कोंपऱ्यांस शिवावीं. पट्टे खांद्यांवरून मागें नेऊन पाठीवर एकमेकांस छेदूं द्यावे, व उजवा डाव्या कमरेशीं आणि डावा उजव्या कमरेशीं टिचबटणानें लावावा. छेदाच्या जागीं शिवूं नये. बटणापुढें इंचाहून अधिक पट्टा ठेवूं नये. या रचनेनें भार मानेवर न पडतां खांद्यांवर पडतो, आणि लोंबतें टोंक कोठेंच राहत नाहीं.

५. खिसा एकच, डाव्या छातीवर, पेन्सिल व पट्टी मावेल इतका अरुंद. त्याच्या तळाच्या कोंपऱ्यांत पाव इंच जागा न शिवतां सोडावी, म्हणजे आंत पडलेला भुसा गळून जाईल. मांडीवर खिसा मुळींच नको. तेथें पटाशी ठेवण्याचा मोह होतो. आणि मांडीच्या आंतल्या अंगास मोठी धमनी असते, हें विसरूं नये.

एप्रन तयार झाल्यावर परीक्षा घ्यावी. तो घालून उभें राहावें व मित्रास खालची कड धरून समोरून एकदम ओढावयास सांगावें. बटणें सुटून एप्रन त्याच्या हातांत आला, तर परीक्षा उतरली. न सुटल्यास बटणें बदलावीं.

ही परीक्षा उतरली तरी यंत्राजवळ आणखी काळजी हवीच. बाह्या कोपरावर दुमडाव्या, गळ्यांतील साखळी व ओढणी काढून ठेवावी, वेणी वर बांधावी, व फिरत्या यंत्रावर हातमोजे घालूं नयेत. शिक्षक सांगतील तर तेथें एप्रनहि काढून ठेवावा.

निगा

लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नाहीं. सागवान व शिसव यांच्या भुशानें पुष्कळांच्या कातडीस खाज सुटते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनें १९९५ सालीं लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली; वर्षानुवर्षें ती धूळ घेणाऱ्यांस नाकाच्या कर्करोगाचा धोका असतो. म्हणून एप्रन घालून घरीं जाऊं नये, तो घरांत झटकूं नये, व इतर कपड्यांबरोबर धुवूं नये. नाकास मुखपट्टी निराळी हवी. तें काम एप्रनचें नव्हे.

दुसरी गोष्ट तेलाची. अळशीचें तेल पाण्याप्रमाणें उडून जाऊन वाळत नाहीं. तें हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, व त्या क्रियेंत उष्णता निर्माण होते. तेलानें भिजलेला एप्रन बोळा करून कोंपऱ्यांत टाकल्यास ती उष्णता आंत कोंडते, आणि कोणी काडी न लावतां कापड पेट घेऊं शकतें. असा एप्रन उघड्यावर, दोरीवर पसरून, पूर्ण वाळवूनच धुवावा.

जातां जातां त्या मुलाविषयीं. मनगट बरें होतांच तो कामावर परतला. अंगावर एप्रन तोच होता. मात्र आईनें सर्व नाड्या उसवून तेथें दोन टिचबटणें लावलीं होतीं. पालकांनीं आपल्या पाल्याचा एप्रन आज एकदां हातांत घेऊन पाहावा. शिवण किती पक्की आहे हें तर पाहावेंच; पण एका हिसक्यानें तो सुटतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें.