शस्त्रक्रियेच्या मेजावरील रुग्णाची स्थिती

कंबरेचा एखादा मणका जागेवरून पुढे सरकला, किंवा दोन मणक्यांमधील चकती झिजून मज्जातंतूंवर दाब येऊ लागला आणि औषधोपचाराने गुण आला नाही, तर ते दोन मणके एकमेकांशी सांधण्याचा मार्ग उरतो. पूर्वी त्यासाठी पाठीवर लांब छेद घेऊन स्नायू हाडांपासून सोडवावे लागत. आता लहान छेदांतून, नळीच्या वाटेने आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हे काम करता येते. मात्र छेदाबरोबर शल्यविशारदाला प्रत्यक्ष दिसणारे क्षेत्रही लहान झाले आहे. त्यामुळे रुग्णाला मेजावर कसे निजविले जाते, याला अधिकच महत्त्व आले आहे.

बहुधा रुग्णाला उताणे असतानाच भूल दिली जाते आणि मग पालथे केले जाते. त्या वेळी डोके, मान व धड एका रेषेत ठेवून सर्वांनी एकदमच वळवावयाचे असते. श्वासनलिकेतील नळी भूलतज्ज्ञ सांभाळतो.

पालथ्या रुग्णाचे वजन छातीवर आणि कटीच्या हाडांवर तोलले जावे व पोट मोकळे लोंबावे, हा पहिला नियम होय. पोट दाबले गेले की त्यातील मोठी नीला दबते आणि परतणारे रक्त कण्याभोवतीच्या नीलांच्या जाळ्यात शिरते. या नीलांना झडपा जवळजवळ नसतात. त्या फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. या जाळ्याचे महत्त्व अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिले. पुढे १९६७ मध्ये टोरांटोच्या रेल्टन आणि हॉल यांनी पोट मोकळे ठेवणाऱ्या चार आधारांच्या चौकटीचे वर्णन प्रसिद्ध केले. अरुंद नळीच्या तळाशी थोडेसे रक्त साचले, तरी दिसेनासे होते. म्हणून येथे हा नियम विशेष कसोशीने पाळावा लागतो.

दुसरा नियम कंबरेच्या नैसर्गिक बाकाचा. गुडघे पोटाशी घेतलेल्या स्थितीत मणक्यांच्या मागील फटी रुंदावतात; केवळ चकतीचा तुकडा काढावयाचा असेल, तर ते सोयीचे ठरते. परंतु त्या स्थितीत कंबरेचा बाक सपाट होतो. मणके तसेच सांधले गेले, तर तो सपाटपणा कायमचा होतो आणि पुढे रुग्णाला ताठ उभे राहण्यासाठी सतत श्रम पडतात. म्हणून सांधणीच्या वेळी मांड्या धडाच्या रेषेत सरळ ठेवतात.

तिसरी गोष्ट क्ष-किरणांची. मेज किरणांना आरपार जाऊ देणारे असावे आणि ज्या मणक्यावर काम चालले आहे, त्याची समोरून व बाजूने घेतलेली चित्रे तिरकी येऊ नयेत. चित्र तिरके आले, तर स्क्रूची वाट चुकू शकते व मज्जातंतूला इजा संभवते.

कधी कुशीवर निजवून बाजूने चकतीपर्यंत जातात. वरच्या बाजूची मांडी किंचित दुमडल्याने कंबरेच्या आतील मोठा स्नायू सैलावतो. या स्नायूतून मज्जातंतू गेलेले असल्याने, जागा रुंदावण्यासाठी मेज फार वाकविल्यास ते ताणले जातात. सर्वांत खालच्या चकतीकडे मात्र या वाटेने जाता येत नाही, कारण कटीचे हाड आड येते.

जागेपणी हात अवघडला तर आपण कूस बदलतो. भूल दिलेल्या माणसाला ते शक्य नसते. कोपराखाली मऊ गादी नसेल, तर करंगळीकडे जाणारा मज्जातंतू दबतो. कटीच्या हाडावरील आधार चुकीच्या जागी असेल, तर मांडीची बाहेरील बाजू बधिर होते. कुशीवर असताना गुडघ्याच्या बाहेरील बाजूस दाब आला, तर पाऊल उचलता येईनासे होऊ शकते. डोळ्यांवर दाब पडल्यास, किंवा दीर्घकाळ डोके हृदयाच्या पातळीखाली राहिल्यास, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आणि ती चालू असतानाही या प्रत्येक जागेची तपासणी केली जाते. त्या काही तासांत रुग्णाला स्वतःच्या देहाची काळजी घेता येत नाही. ती भोवतीच्या माणसांनी घ्यावयाची असते.