शाळेतला संगणक, घंटीवरचा हात

प्रश्न : दहावीपर्यंत संगणक विषय घेतला होता. आता हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसतो. ते शिक्षण वाया गेलं का?
– एक वाचक, कतारगाम, सुरत

उत्तर : मुळीच नाही. हिऱ्याच्या प्लॅनिंगचं टेबल बघा. स्कॅनर कच्च्या हिऱ्याचा त्रिमितीय आराखडा पडद्यावर आणतो, सॉफ्टवेअर कापाचे पर्याय सुचवतं, निवड माणसाची. 1 कॅरेट म्हणजे जेमतेम 0.2 ग्रॅम, आणि 1.01 चा हिरा 0.99 वर उतरला की भाव चांगलाच घसरतो. शाळेमुळे तुम्हाला पडद्याची भीती नाही. पण पैलूचा कोन नजरेनं ओळखणं घंटीनंच शिकवलं. ते नुसत्या संगणकवाल्याकडे नसतं. म्हणून तुमची बाजू भक्कम आहे. शेठना विचारून सुट्टीनंतर प्लॅनरशेजारी बसायला लागा. महागड्या कोर्सची फी त्याआधी भरू नका.