साथीदाराचे गद्य : गोविंदराव टेंबे यांच्या लेखनासंबंधी काही विचार

वादक कलावंताने लेखणी हाती घेतली की आपले वाङ्मयेतिहासकार त्याला ‘संगीतविषयक लेखन’ या सदरात बसवून मोकळे होतात. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. ‘मानापमान’चे (१९११) संगीतकार, १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे एक भागीदार, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटातील हरिश्चंद्र, अशा नोंदी सर्वत्र आढळतात. ‘माझा संगीत व्यासंग’ या ग्रंथाचा गद्य म्हणून विचार मात्र क्वचितच होतो.

टेंबे हे प्रथमतः पेटीवादक होते, ही बाब त्यांच्या लेखनाच्या दृष्टीने गौण नाही. पियानोप्रमाणे पेटीतही प्रत्येक पट्टीचा सूर आधीच ठरलेला असतो. दोन सुरांमधील मींड तिच्यातून निघत नाही. पाश्चात्त्य बनावटीचे हे वाद्य बेंबळीसारख्या गावच्या भजनापासून थेट दरबारी मैफलीपर्यंत रुळले. तरीही आकाशवाणीने १९४० मध्ये त्यावर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत टिकली. (बंदीमागे स्वदेशीचा अभिमान किती आणि श्रुतिविचार किती, हा वेगळाच प्रश्न.) गायकाच्या गळ्यातून जे निघते ते आपल्या वाद्यातून जसेच्या तसे निघणार नाही, याची जाणीव साथीदाराला क्षणोक्षणी असते. म्हणून तो ऐकतो अधिक. गायक पुढे कोठे वळणार याचा अंदाज घेत, परंतु त्याच्यापुढे न धावता, त्याला चालावे लागते.

टेंबे यांच्या व्यक्तिचित्रणात हीच वृत्ती उतरली आहे असे मला वाटते. ज्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले त्या भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांच्याविषयी ते लिहितात तेव्हा निवेदक मागे राहतो आणि गाणे पुढे येते. आत्मपर लेखनात ‘मी’ला आवर घालणे सोपे नसते. आपल्याकडील नटांच्या व गायकांच्या अनेक आत्मकथनांत हा तोल सुटलेला दिसतो.

या गद्याला आणखी एक महत्त्व आहे. भास्करबुवा किंवा अल्लादियाखाँ यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांच्या गायकीची कल्पना शिष्यपरंपरेवरून करावी लागते, अथवा शब्दांवरून. टेंबे यांनी अल्लादियाखाँचे चरित्रही लिहिले. त्यामुळे एरवी अलंकार म्हणून सोडून द्यावे असे त्यांचे एखादे विशेषणही येथे पुराव्याच्या पदवीला पोचते, आणि अभ्यासकाची जबाबदारी वाढते. हा साक्षीदार शेजारी बसून ऐकणारा आहे. पण तो भक्तही आहे. बुवांविषयीच्या आदराने त्यांचे वर्णन कोठे भारावते आणि कोठे कानाने टिपलेला तपशील बोलतो, याची निवड वाक्यावाक्याला करावी लागते. ती करण्यासाठी संगीताची जाण हवी, तशीच गद्यशैलीचीही; मराठी विभागांनी हे काम संगीतज्ञांवर सोपवून चालणार नाही.