काखेतली निवड

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. ही दुखरी गाठ म्हणजे सुजलेली लसीकाग्रंथी होय. अशा ग्रंथींत पेशी झपाट्याने वाढतात ती ठिकाणे वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली दाखवली. त्यांना जननकेंद्रे म्हणतात.

तिथे काय चालते, हे जालन्याच्या मुलांना चटकन कळेल. आपला जिल्हा बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे; १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच ‘महिको’ सुरू केली. चांगले वाण कसे मिळवतात? निरनिराळ्या गुणांची रोपे लावायची, उत्तम तेवढी राखायची, त्यांचेच बी पुन्हा पेरायचे.

धनुर्वाताची लस म्हणजे निरुपद्रवी केलेले जंतूंचे विष. ती दंडावर टोचली की काखेतल्या ग्रंथीत अशीच निवड सुरू होते. तेथील बी-पेशी विभागताना त्यांच्या प्रतिपिंडांच्या जनुकांत बदल होतात. पुष्कळ बदल वाया जातात. एखाद्यामुळे मात्र प्रतिपिंड विषाला अधिक घट्ट चिकटते. अशी पेशी विष जास्त पकडते आणि त्याचे तुकडे मदतनीस टी-पेशीला दाखवते.

निवड करते ती ही टी-पेशी. ती पसंत पडलेल्या बी-पेशीला बिलगते व सायटोकाइने देते. सायटोकाइने म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले प्रथिनरूपी निरोप. इंटरल्युकिन-२१ मुळे बी-पेशी जोमाने विभागते. इंटरल्युकिन-४ तिला तगवते आणि प्रतिपिंडाचा प्रकार बदलायला मदत करते. ज्यांना मदत मिळत नाही, त्या पेशी मरतात. निरोप अगदी जवळून दिला जातो, हे महत्त्वाचे. तो सर्वत्र सारखाच पसरला असता, तर बऱ्यावाईट सगळ्याच पेशी वाढल्या असत्या; मग निवड कसली?

या निवडीला आठवडे लागतात. धनुर्वात तेवढी सवड देत नाही. त्याचे विष एकदा मज्जापेशींत शिरले की प्रतिपिंडे तेथे पोचत नाहीत. ते विष इतके जहाल असते की जीवघेणी मात्राही प्रतिकारशक्ती जागी करण्यास अपुरी पडते. म्हणून रोगातून बरे झालेल्यालाही लस घ्यावीच लागते.

बालपणीच्या मात्रांतून निवडलेल्या काही पेशी स्मृतिपेशी होऊन राहतात. दहाव्या व सोळाव्या वर्षी मिळणारी टीडी लस त्यांना पुन्हा कामाला लावते. तेव्हा घरी जाऊन आपले लसीकरण कार्ड पाहा. पेरणी पावसाआधीच्या तयारीवर अवलंबून असते. ही तयारीही जखमेआधीच व्हायला हवी.