कोरोना, ताप आणि मालकांची तपासणी



बैठकीत बचत, हप्ते, कर्ज सगळं बोलून झालं की एखादी ताई मागे थांबते आणि हळूच विचारते, "मॅडम, मालकांना कोरोना होऊन गेला, नंतर लस पण घेतली. त्यामुळे तर दिवस राहत नसतील ना?" प्रश्न चांगला आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही. म्हणून या वेळी त्यावरच लिहिते.

आधी पुरुषाच्या शरीराचं बघू. शुक्राणू, म्हणजे पुरुषाचं बीज, अंडकोषात तयार होतं. अंडकोष पोटाच्या बाहेर असतात, कारण या कामाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, आपल्या उडदाच्या पिकाइतकेच. उभ्या पिकावर गारा पडल्या तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मोठा ताप तसाच. टायफॉईड असो, मलेरिया असो की कोरोना, त्याचं नुकसान तापात दिसत नाही, पुढच्या दोन-तीन महिन्यांत दिसतं. नंतर नवीन बीज तयार होतं आणि बहुतेकांचं मूळपदावर येतं.

कोरोनाचं वेगळं काही आहे का, हे पाटण्याच्या एम्स रुग्णालयात तपासलं गेलं. ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात कोरोना झालेले ३० पुरुष त्यात होते. वीर्यात विषाणू एकाच्याही सापडला नाही, पण शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होती. अडीच महिन्यांनी परत तपासलं तेव्हा सुधारणा होती, पूर्ण नव्हती. आता ३० माणसं म्हणजे आपल्या तीन गटांएवढीच, तेवढ्यावरून गावाचा निकाल लावू नये. अमेरिका-कॅनडातल्या दोन हजारांहून जास्त जोडप्यांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. नवऱ्याला नुकताच, म्हणजे ६० दिवसांच्या आत, कोरोना झाला असेल तर दिवस राहण्याची शक्यता थोडी कमी दिसली. त्यानंतर फरक राहिला नाही. लसीमुळे नवऱ्यालाही नाही आणि बायकोलाही नाही, कोणालाच अडचण आली नाही. लसीने नपुंसकत्व येतं ही अफवा आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्येच देशाच्या औषध महानियंत्रकांनी खोडून काढली होती, तरी ती अजून पारावर फिरतेच आहे!

म्हणजे कोरोना होऊन वर्षं उलटली आणि तरी दिवस राहत नसतील, तर कोरोनाच्या नावावर ढकलून बसू नका. कारण दुसरं असू शकतं आणि ते दोघांपैकी कोणातही असू शकतं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण सापडतं. पण आपल्याकडे सोनोग्राफी बाईची, गोळ्या बाईला, उपास आणि अंगारेही बाईलाच. गटाच्या रजिस्टरला 'दवाखाना' म्हणून दोन-दोन कर्जं पडलेली मी पाहिली आहेत, आणि मालकांची एक साधी तपासणी झालेली नव्हती. मला याचा फार राग येतो.

वर्षभर एकत्र राहून दिवस राहिले नाहीत (बाईचं वय ३५ च्या वर असेल तर सहा महिने), की दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. तंबाखू, विडी, दारू यांनीही बीज कमी होतं. तालमीतली पोरं ताकदीसाठी हार्मोनची इंजेक्शनं घेतात, त्यानं तर बीज तयार होणंच थांबू शकतं. आजारपणानंतर संबंधात अशक्तपणा जाणवत असेल तर साखर आणि बीपी तपासून घ्यावं. बसस्टँडजवळच्या तंबूतली औषधं नकोत.

पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्य तपासणी. तिला सुई नाही, चिरफाड नाही, आणि सोनोग्राफीपेक्षा खर्च सहसा कमीच. सोय कुठे आहे ते आशाताईंना किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा. ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून करा, आणि डॉक्टरांना त्या तापाचं सांगा. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचा असेल तर त्यांनी दिलेल्या डबीतच, अंगाजवळ धरून, तासाच्या आत पोचवावा. साध्या निरोधमध्ये मात्र नेऊ नये, त्याच्या चिकट द्रवाने शुक्राणू मरतात आणि रिपोर्ट चुकतो.